न चाळलेली माती

मित्रांनो, मी बटाटा आहे. जुना आहे, आणि कोणाच्याही पातेल्यात मावणार नाही एवढा मोठा आहे. गावात शिरण्याआधी रस्त्याला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे एका चौथऱ्यावर मी आडवा पडलेलो असतो. माझ्या एका अंगाला बसथांबा आणि दुसऱ्या अंगाला ट्रक तोलायचा वजनकाटा. नवखी माणसं लांबून बघतात आणि काय वाट्टेल ते समजतात. कोणाला मी धोंडा वाटतो, कोणाला बसलेली म्हैस. एकदा बसमधल्या एका आजीबाईंनी मला हत्ती समजून झोपलेल्या नातीला हलवून जागं केलं, आणि बस जवळ आल्यावर गुपचूप पुन्हा थोपटून झोपवलं. मला राग येत नाही. देवानं मला तोंड दिलं नाही, नुसतं पोट दिलं. म्हणून लोक जे बोलतात ते मी ऐकतो आणि पोटात ठेवतो. आज तेवढं तुमच्यापुढे रितं करतो. बसा आणि ऐका.

माझा जन्म झाला तेव्हा या गावात घरोघरी बटाटा होता. खाटेखाली बटाटा, जिन्याखाली बटाटा, पाहुण्यांच्या खोलीतही बटाटा. पाहुणा आला तर त्यानं पोत्यांना टेकून बसायचं. सलग काही वर्षं पीक चांगलं आलं आणि गावकऱ्यांच्या मनात आलं की, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला आपण कोण ते कळलं पाहिजे. गोदामाच्या ओट्यावर सगळे जमले. एक म्हणाला, बैलजोडी उभारू. दुसरा म्हणाला, खांद्यावर कुदळ घेतलेला शेतकरी उभारू. तेव्हा मागे पोत्यावर पाय पसरून बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "शेतकरी बघायला कोण थांबणार? तो आपल्याला रोज आरशात दिसतो, तरी आपण बघत नाही. ज्याच्या जिवावर घरं बांधली त्यालाच बसवा की!"

या गृहस्थांना सगळं गाव 'दाजी' म्हणत असे. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, गावातल्या गवंड्याचे. त्याच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. पण गवंडी भिंतीवरून, परांचीवरून, छपरावरून दिवसभर "दाजी, ओ दाजी" अशा हाका मारायचा, त्यामुळे ते आपोआप सगळ्या गावाचे दाजी होऊन बसले.

मला घडवायचं काम त्या गवंड्याकडेच आलं. "बटाटा?" तो म्हणाला. "साधा बटाटा?"

"साधा कशाला? मोठा," दाजी म्हणाले.

आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा झाला. त्यावर जाळी ताणून बांधली. जाळीवर सिमेंटचा पहिला थर बसला. आणि मग घोळ झाला. रंग कोणता द्यायचा यावर चर्चा चालली असताना कोणीतरी बोलून गेलं की, रंग कशाला, प्रत्येक घरानं आपल्या शेतातली घमेलंभर माती द्यावी आणि तीच वरच्या गिलाव्यात कालवावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटा गवंडी कळवळून सांगत होता, "अहो, मातीनं गिलावा धरत नाही. पाणी पितो तो. आज छान दिसेल, उद्या फुगेल. वाळू द्या मला, वाळू!"

"वाळूचा बटाटा?" लोक म्हणाले. "मग तो आमचा कसा?"

गवंड्यानं हात टेकले. मित्रांनो, प्रेमानं केलेल्या चुकीपुढे शहाणपणाचं काही चालत नाही, हे मी जन्माच्या आधीच पाहिलं. त्यानं एकच अट घातली: माती बारीक चाळून आणायची, खडा-काटकी दिसता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून घमेली येऊ लागली. काळी माती, तांबूस माती, नदीकडची राखाडी माती. गवंड्यानं ती एकत्र केली नाही. ज्या घराची माती त्या घराचा वेगळा तुकडा, असा त्यानं माझ्या अंगावर गिलावा चढवला. त्यामुळे मी ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा दिसू लागलो, आणि प्रत्येक घर बोट दाखवून सांगू लागलं, "ते बघ, ते आपलं शेत."

सगळ्यात शेवटी दाजी आले. त्यांची माती बसथांब्याच्या बाजूला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर बसली. थापी फिरवता फिरवता गवंडी थबकला. गिलाव्यात गोटीएवढा एक उंचवटा राहिला होता.

"दाजी, चाळली होती ना माती?"

"चाळली की. डोळ्यांनी चाळली."

तो एक चिमुकला बटाटा होता. काढणीत राहून गेलेला, घमेल्यातून थेट माझ्या कुशीत आलेला. गवंडी तो उकरून काढायला गेला, तर दाजींनी त्याचा हात धरला. "राहू दे रे. बटाट्याच्या पोटात बटाटा. लेकुरवाळा दिसतोय."

तो काही फार दिवस राहिला नाही. उन्हानं सुकला, आकसला आणि एका दुपारी दुधाच्या दातासारखा गळून पडला. त्याच्या जागी एक भोक राहिलं. बरोबर एक बोट जाईल एवढं.

आता ताईबद्दल सांगतो. ताई म्हणजे गवंड्याची ती थोरली बहीण, दाजींची बायको. वजनकाट्याच्या मागे बटाटे निवडायची शेड होती, तिथे ती कामाला जायची. सरकत्या पट्ट्यावरून बटाटे पुढे जायचे आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका त्यातले कुजलेले, कापलेले, उन्हानं हिरवे पडलेले झपाझप बाजूला काढायच्या. हिरवा बटाटा पोटाला बाधतो, म्हणून त्याची टोपली वेगळी. ताईचा हात असा बसलेला की, ती शेजारणीशी बोलत असायची आणि हिरवा बटाटा आपसूक टोपलीत पडलेला असायचा.

संध्याकाळी शेड सुटली की ती माझ्यापाशी येऊन थांबायची. शेतावरून खांद्यावर कुदळ टाकून दाजी यायचे. इथून दोघं मिळून घरी जायची. पण त्याआधी एक काम असायचं. ताई त्या भोकात बोट घालायची आणि म्हणायची, "चाळणी काय फार जड होती का हो?"

"हलकी होती गं. मीच जड होतो."

किंवा म्हणायचे, "ते भोक आहे म्हणून तुला रोज बोलायला विषय मिळतो. नाहीतर काय केलं असतंस बिचारी?"

"लग्न केलं त्या दिवसापासून विषयांची कधी टंचाई पडलेली नाही मला," ताई म्हणायची, आणि दोघं चालू लागायची. जाताना दाजी देवाचं गाणं म्हणायचे. आवाज खरबरीत, सूर कधी लागला तर त्यांनाच नवल वाटायचं. पण मला विचाराल तर, देवापाशी सूर मोजायला कोणी बसलेलं नसतं. तो गाणाऱ्याचं तोंड बघतो. त्यांचं तोंड गाताना इतकं प्रसन्न असायचं की वजनकाट्यावरचा माणूस आकडा लिहायचा थांबायचा.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. ड्रायव्हर एकमेकांना माझ्यावरून रस्ता सांगायचे. "बटाट्यापाशी डावीकडे वळ." नवी जोडपी माझ्याजवळ उभी राहून फोटो काढायची, माझ्याशेजारी कोणीही बारीक दिसतं, हा माझा मोठा गुण. शेडमधल्या बायकांची तान्ही मुलं माझ्या सावलीत निजायची. भरलेला ट्रक बाजाराला निघाला की चालक खाली उतरून माझ्या पोटावर एक थाप मारायचा आणि मगच गाडीत चढायचा.

मग दाजी गेले. थंडीत छातीत कफ धरला, तो सुटलाच नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस ताई आली नाही. आली तेव्हा थकलेली होती. तिनं भोकात बोट घातलं आणि तशीच उभी राहिली. टोमणा नाही, काही नाही. बस आली, बस गेली. तिनं बोट काढलं, पदराला पुसलं आणि एकटीच घरी गेली. मी सिमेंटचा आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला कळलं की, रडता न येणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

पुढे ती पुन्हा बोलू लागली. रोजचं सगळं सांगायची. शेडमध्ये कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या मुलीचं ठरलं, आज पट्टा दोनदा कसा बंद पडला. शेडमधल्या मैत्रिणी चिडवायच्या, "काय गं, बटाट्याला गाऱ्हाणी सांगतेस?"

"घरात हे होते तेव्हा अर्धं वाक्य संपायच्या आत झोपायचे," ताई म्हणायची. "आता बरं आहे. सगळं ऐकून घेतात."

शेत कसायला कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. भावाचे हात थापीला सरावलेले, कुदळीला नव्हेत. शेवटी तिनं शेत विकलं. तोवर गावातली बरीच शेतं विकली गेली होती. रस्ता रुंद झाला, आणि जिथे सऱ्या होत्या तिथे पत्र्याची लांबच लांब गोदामं उभी राहिली. त्यांत दूरदूरची खोकी येतात आणि दूरदूर जातात. ताईच्या शेतावर आता ट्रक उभे करायची काँक्रीटची जागा आहे. गावाची पोरं त्या गोदामांत कामाला लागली, त्यांचं बरं चाललं, देव त्यांना सुखी ठेवो. निवडणीची शेड मात्र बंद झाली. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की, त्या सगळ्या शेतांची माती आता कुठेच नाही. आहे ती फक्त माझ्या अंगावर. गवंड्याच्या बहिणीचं शेत म्हणजे आता माझ्या कुशीवरचा पाटाएवढा एक तुकडा, आणि त्यात एक भोक.

पण गवंडी म्हणाला होता तसंच झालं. माझ्या अंगानं पाणी प्यायला सुरुवात केली होती. आतल्या सळ्या गंजल्या, फुगल्या, आणि गिलावा तडकू लागला. कोणी लक्ष दिलं नाही. माझ्या चौथऱ्यावर फलक चिकटवले गेले, माझ्या आडोशाला लोकांनी नको ते केलं. थाप मारणारे चालक संपले. तरी ताई येत राहिली. तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली, पण ती येत राहिली.

एका सकाळी माझ्या वरच्या अंगाचं ढलपं सुटलं आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका मुलीच्या पायाशी आपटलं. ती वाचली. देवाची कृपा. पण गाव हादरलं, आणि ते योग्यच होतं. नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. बाई कामाच्या पक्क्या होत्या. लहानशा हातोडीनं त्यांनी मला डोक्यापासून तळापर्यंत ठोकून पाहिलं, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसं. मग त्या दाजींच्या भोकापाशी थांबल्या, त्यात तार घातली. तार गेली, गेली, जातच राहिली.

"पाणी मुख्यतः इथून शिरतंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या भेगा बुजवून, वरून पाणी न शिरणारा लेप देऊन रंगवलं, तर हे उभं राहील. नाहीतर पाडावं लागेल. अर्धवट काही चालणार नाही."

काम म्हाताऱ्या गवंड्याकडे आलं. माझ्या आतला सांगाडा त्याच्याशिवाय कोणाला माहीत होता? त्यानं वरून सुरुवात केली. गंज खरवडला, भेगा भरल्या, ढलप्यांच्या जागा सारख्या केल्या. सगळीकडे काम झालं, एक जागा सोडून. त्या जागेभोवती तो नुसता फिरत राहिला. इंजिनिअर बाई एकदा बघून गेल्या आणि म्हणाल्या, "काका, ते तेवढं राहिलंय." तो म्हणाला, "हो, करतो." दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, सोमवारी मला वर काय ते सांगावं लागेल. हे असंच राहिलं तर मी 'सुरक्षित' असं म्हणू शकत नाही."

त्या दुपारी ताई आली. गवंडी चौथऱ्यावर बसला होता.

"ताई, हे भोक बुजवायचंय."

"बाकीचं सगळं बुजव. हे एक राहू दे."

"तिथूनच पाणी जातं गं."

"मी पावसात कापडाचा बोळा घालत जाईन. रोज येतेच की."

"किती दिवस येशील?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. "हे काय बोलणं झालं, लहान्या?" तो केस पिकलेला माणूस होता, पण तिच्या तोंडी अजून लहान्याच.

"चुकलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मी तेव्हाच सांगितलं होतं. माती नको म्हटलं होतं, चाळून आणा म्हटलं होतं. दाजींनी ऐकलं का?"

"ते कधी कोणाचं ऐकायचे?" ताई म्हणाली. आणि मित्रांनो, ती दोघं हसली. आधी हळू, मग पोट धरून. बसथांब्यावरची माणसं वळून बघू लागली. हसता हसता ताईचा आवाज फाटला आणि ती माझ्या अंगावर डोकं टेकून रडली. गवंडी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, पण हाताला सिमेंट होतं, म्हणून हात तसाच हवेत राहिला.

"नाही भरलं तर हा पाडतील?" तिनं विचारलं.

"पाडतील."

"म्हणजे आमचं शेतही जाईल, आणि सगळ्यांची शेतं जातील."

"हो."

"मग कालव तुझा माल," ताई म्हणाली. "पण तू भरू नकोस. मी भरते."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, पाडा मला. मी कोण आहे? सळ्या आणि जाळी. पण बोलायला तोंड नव्हतं, आणि तिचं बोट माझ्या कुशीत होतं.

गवंड्यानं घमेल्यात माल कालवला. या खेपेला त्यात माती नव्हती. ताईनं चिमूट चिमूट माल घेऊन तो बोटानं आत सारला. बाळाला घास भरवावा तसा. भोक खोल होतं, बराच वेळ लागला. शेवटचा घास गेला तेव्हा तिनं बोट काढलंच नाही. वरची पेराएवढी जागा तिच्या बोटानं भरलेली राहिली.

"ताई, बोट काढ. माल आवळतोय."

"काढते."

"ताई."

तिनं बोट काढलं. त्याचा खळगा तसाच राहिला. गवंडी त्या खळग्याकडे बघत राहिला. "खळगा ठेवता येत नाही गं," तो अगदी हळू म्हणाला. "पाणी साचतं." आणि त्यानं थापी फिरवली. आयुष्यात असा सफाईदार हात त्यानं कुठे फिरवला नसेल. ताईनं नळावर जाऊन हात धुतला.

मग लेप झाला आणि रंग ठरवायची बैठक झाली. शेती म्हणजे हिरवळ, म्हणून हिरवा रंग, असा ठराव एकमतानं झाला. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचा बाप बटाटे पिकवायचा. तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. फक्त मधे इतकी वर्षं गेली होती. मला भडक हिरवा रंग लागला, डोक्यापासून तळापर्यंत एकसारखा. काळं शेत गेलं, तांबूस शेत गेलं, नदीकडचं राखाडी गेलं. समारंभाला शेडमधल्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसायला सुरुवात केली. "अगं, हा तर बाजूला काढायचा!" एक म्हणाली. मग त्यांचं हसू ओसरलं, आणि त्या भाषणं संपायच्या आतच घरी गेल्या.

ताई आली ती रंग वाळल्यावर. तिनं नेहमीच्या ठिकाणी उभं राहून हात लावला. गुळगुळीत. जरा वर हात लावला. गुळगुळीत. खाली, डावीकडे, उजवीकडे. ओळखीचा रंग नाही, खरबरीतपणा नाही, काही नाही. चौथराही नव्यानं बांधला होता, त्यामुळे पाय कुठे ठेवायचे तेही तिला कळेना. ती दोन्ही तळहातांनी माझं पोट चाचपत राहिली, अंधारात दिव्याचं बटण शोधतात तशी. मी आतून ओरडत होतो: जरा डावीकडे, ताई, वीतभर डावीकडे! पण ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी तिनं भावाला हाताला धरून आणलं.

"लहान्या, कुठे होतं रे ते?"

गवंड्यानं बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहिलं. इथं, तिथं, वर, खाली. सगळीकडे एकच भरीव आवाज. त्यानं डोळे बारीक केले, अंग तिरकं करून उजेडात पृष्ठभाग पाहिला. कुठे फुगवटा नाही, रेघ नाही. काम उत्तम झालं होतं, मित्रांनो. म्हणूनच ते त्यालाही सापडेना.

ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हे काय, इथं," तो म्हणाला, आणि तिचा तळहात उचलून माझ्या अंगावर ठेवला.

ती जागा ती नव्हती. ते दुसऱ्याच कोणाचं शेत होतं, तिच्या शेतापासून वीतभर उजवीकडे. पण ताईच्या चेहऱ्यावरचे सगळे ताण एका क्षणात सुटले. "होय की," ती म्हणाली. "इथंच." मग तिनं भावाला जरा लांब जायला सांगितलं आणि ती मला रोजचं सांगू लागली. गुडघ्याला नवीन तेल आणलंय. शेजारणीची मुलगी बाळंत झाली, मुलगी झाली. गवंडी बसथांब्यावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

ती अजून येते. काठी घेऊन येते, आणि त्याच जागी हात ठेवून बोलते. मी वीतभर अंतरावरून ऐकतो. देव कुठूनही ऐकतो म्हणतात. मला तेवढं साधत नाही, पण मी प्रयत्न करतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो, जपा. पण मला जपलंच होतं की! भेगा भरल्या, रंग दिला, हार घातला. म्हणून माझं मागणं थोडं वेगळं आहे. काही दुरुस्त करायला घ्याल तेव्हा क्षणभर थांबा आणि विचारा, या भेगेत कोणी राहतं का? कदाचित तरीही ती बुजवावी लागेल. पण विचारा. निदान एक खूण मागे ठेवा.

आणि कधी या रस्त्यानं गेलात, आणि हिरव्या बटाट्याच्या पोटाला हात लावून एक म्हातारी काही सांगताना दिसली, तर जागा चुकली आहे हे तुम्हाला आता ठाऊक आहे. तिला सांगू नका.